पोटभाडेकरूचं घड्याळ

आमच्या शाळेची घंटा ज्या कॉम्प्युटरवर वाजते, तो कॉम्प्युटर मुळात अस्तित्वातच नाही. हे वाक्य मी शिक्षकांच्या सभेत उच्चारलं, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूस दिसत नाही, त्यामुळे ते पाहणं कशासाठी होतं हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी खाली बसलो.

पण वाक्य खरं होतं. ऑफिसच्या कोपऱ्यात पूर्वी एक जुनापुराणा कॉम्प्युटर असायचा आणि तो जन्मभर एकच काम करत आला होता. ठरल्या वेळी घंटा वाजवायची. एका सकाळी तो गेला. पंख्याचा आवाज थोडा वाढला, थोडा कमी झाला आणि संपलं. घंटेचा प्रोग्राम तेवढा वाचला होता, पण हेडक्लार्कच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर तो टाकला तर नवा कॉम्प्युटर त्याला दारातसुद्धा उभा करीना. ज्या कंपनीनं तो बनवला होता तिला फोन लावला. त्या नंबरवर आता एक गादीवाले बोलतात. माणूस म्हणून फार सज्जन, पण घंटेबाबत काही करू शकले नाहीत.

नवी यंत्रणा घ्यायची तर संस्थेची मंजुरी लागते. मंजुरीसाठी जुनी निकामी झाल्याचा दाखला लागतो. आणि दाखला द्यायचा कोणी, तर जिनं यंत्रणा बसवली त्या कंपनीनं. म्हणजे आम्ही पुन्हा गादीवाल्यांपाशी आलो.

यावर जी पहिली सभा झाली, तिच्यात सगळे गप्प बसले होते. अशा शांततेत माझ्या तोंडून काहीतरी निघतंच, हा माझा जुना आजार आहे. मी म्हणालो, "माझा मेहुणा बघेल."

आता या मेहुण्याविषयी सांगितलं पाहिजे. आमच्या हिचा हा धाकटा भाऊ. घरात त्याला बाळ म्हणतात. बाळाला छातीपर्यंत दाढी आहे. कॉम्प्युटरमधली चांगली नोकरी त्यानं सोडली, कारण विचारलं तर म्हणाला, "तिथं सगळे फार मोठ्यानं हसायचे, भाऊजी." मग दोन दिवस ताईकडे म्हणून आला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत स्थिरावला. स्वभावानं गरीब, जेवणाला नावं ठेवत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण मी सकाळी शाळेत निघताना तो पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला असायचा आणि मला बूट शोधायला दिवा लावायची बंदी होती. भूगोलाच्या ज्येष्ठ शिक्षकानं अंधारात चाचपडत बूट घालायचे, आणि दोन्ही पाय एकाच जोडीचे आहेत की नाही हे रस्त्यावर गेल्यावर बघायचं! तेव्हा मेहुण्याला शाळेत नेण्यामागे शाळेचं भलं हा एकमेव हेतू होता असं मी म्हणणार नाही.

बाळ आला, हेडक्लार्कच्या खुर्चीत बसला आणि संध्याकाळपर्यंत त्यानं घंटा वाजवून दाखवली. हेडक्लार्क तोवर स्वतःच्या ऑफिसात स्टुलावर बसून होते आणि ही गोष्ट ते पुढे कधीही विसरले नाहीत.

"केलं काय तू नेमकं?" घरी येताना मी विचारलं.

"व्हर्च्युअल मशीन केलं, भाऊजी. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक जुना कॉम्प्युटर आहे असं भासवायचं. घंटेचा प्रोग्राम त्या आतल्यावर चालतो. त्याला वाटतं आपण आपल्या जुन्याच घरात आहोत."

"म्हणजे पोटभाडेकरू."

बाळ चालता चालता थांबला. "हे बरं आहे," तो म्हणाला. "ताईला पण असंच सांगा."

पहिले काही दिवस बाळाचा जयजयकार झाला. बाईंनी मला बोलावून चहा दिला. मग एक दिवस वर्गात नद्यांवर बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की नदी उगम पावली, डोंगर उतरली, मैदानात आली, समुद्राला मिळाली, तरी तास संपत नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आपल्याला थोडक्यात शिकवण्याची कला साधली. मी खुशीत नदीला दोन उपनद्या जोडल्या. त्याही आटल्या. शेवटी मुलांना म्हटलं, डोळे मिटून समुद्राचा विचार करा. बरीच मुलं झोपली.

स्टाफरूममध्ये चौकशी केली तर गणिताच्या मॅडमचा घसा बसला होता. पीटीचे सर मात्र म्हणाले, "मला तर काही फरक जाणवला नाही बुवा." ते मैदानावरून घामाघूम आणि अत्यंत प्रसन्न चेहऱ्यानं आले होते.

शाळा उशिरा सुटू लागली. फाटकाबाहेर पालक ताटकळायचे, व्हॅनवाले हॉर्न वाजवायचे. एक आजोबा तर मनगट उंचावून फाटकाशी उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसतं घड्याळ दाखवायचे. मी बाहेर पडलो की ते मनगट माझ्या दिशेनं वळायचं. मेहुण्याची बातमी त्यांच्यापर्यंत कोणी पोचवली कोण जाणे!

बाळानं तपासलं. आतल्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडत होतं. सकाळी बरोबर लावावं, तर दुपारपर्यंत ते रमतगमत मागे राहिलेलं असायचं.

ही गोष्ट घरात निघाली आणि घरातून जिन्यात गेली. आमच्या जिन्यात सल्ल्याला कधी तोटा नसतो. समोरच्या काकू म्हणाल्या, "बंद करून परत चालू करा." वरचे बँकेतले म्हणाले, "आमच्याकडे असं झालं की आम्ही बंद करून चालू करतो." दूधवाल्यानं पिशवी हातात देता देता तेच सांगितलं. खालच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर काका मात्र असले उथळ सल्ले देत नाहीत. त्यांनी मला बसवून घेतलं आणि ते नोकरीत असताना एका पुलाला तडा गेला होता त्याची हकिकत समग्र सांगितली. शेवटी म्हणाले, "तात्पर्य काय, कुठल्याही महत्त्वाच्या गोष्टीला दोन आधार हवेत. एक गेला तर दुसरा." हे वाक्य माझ्या मनात जाऊन बसलं. नको तिथे नको ते बसतं.

बाळ बंद करून चालू करायला तयार नव्हता. "भाऊजी, जुनी मशीनं ठोके मोजून वेळ ठरवतात. आतल्याला ठोके मिळतात ते बाहेरच्याच्या सवडीनं. बाहेरचा कामात असला की मधले ठोके गळतात. आतल्याला कळतच नाही की मध्ये वेळ गेला. पण इतकं गळायला नको. बाहेरचा नेमका करतो काय, ते बघायला हवं."

बाहेरचा म्हणजे हेडक्लार्क. आणि बघायला हवं म्हणजे मी.

दुसऱ्या दिवसापासून मी मोकळ्या तासाला ऑफिसात जाऊन बसू लागलो. हातात पगाराची जुनी पावती धरायची आणि ती वाचत असल्यासारखं करायचं. हेडक्लार्क पगारपत्रकं करायचे, तेव्हा घंटा जराशी रेंगाळायची. पण मोठा घोळ दुसऱ्याच वेळी व्हायचा. हेडक्लार्क उठून चहाला जायचे. त्यांचा चहा म्हणजे चहा, मग बडीशेप, मग शिपायाबरोबर जगाच्या परिस्थितीवर चर्चा. इकडे त्यांचा पडदा काळा व्हायचा. कॉम्प्युटर झोपायचा, आणि मालक झोपला की पोटातला भाडेकरूही झोपायचा. त्याच्यापुरता काळ थांबायचा. हेडक्लार्क परत येऊन माऊस हलवायचे आणि शाळेचं आयुष्य, जिथं थांबलं होतं तिथून, पुढे सुरू व्हायचं.

थोडक्यात, हेडक्लार्क चहा पीत असताना आमच्या शाळेत वेळ जातच नव्हता.

मी ही गोष्ट त्यांना शक्य तितक्या नाजूकपणे सांगितली.

"म्हणजे माझा चहा काढताय?" ते म्हणाले.

"तसं नाही हो. तुमच्या गैरहजेरीत कॉम्प्युटर झोपतो, एवढंच."

"गैरहजेरी? सर, मी बाजूच्या खोलीत असतो. आवाज दिलात तर ऐकू येतो."

"पण कॉम्प्युटर आवाज देत नाही ना."

"मग त्याची चूक आहे."

कॉम्प्युटरची झोप बंद करणं बाळाला चुटकीसरशी जमलं असतं. पण संस्थेचं परिपत्रक होतं, की वीज वाचवण्यासाठी रिकामे कॉम्प्युटर झोपले पाहिजेत, आणि यात बदल करायचा तर अर्ज. हेडक्लार्कनी ते परिपत्रक काढून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर स्टुलावर काढलेल्या त्या दिवसाचं पुरेपूर समाधान होतं. मी अर्ज केला. 'कॉम्प्युटरला जागे ठेवण्याबाबत' असा विषय लिहिला. संस्थेतून उलट विचारणा आली, की कॉम्प्युटर किती काळ जागा राहणार, आणि त्याच्या देखरेखीला रात्रपाळीचा माणूस लागेल काय.

मंजुरी येईपर्यंत एकच उपाय होता. हेडक्लार्क चहाला उठले की कोणीतरी तिथं बसून माऊस हलवत राहायचं. कोणीतरी म्हणजे कोण, हे आता सांगायला नको. ज्या हातानं मी फळ्यावर फडक्याचीही मदत न घेता खंड काढतो, त्या हातानं मी माऊस डावीकडे न्यायचो आणि उजवीकडे आणायचो. वर्गातली मुलं खिडकीतून बघायची. एकानं विचारलं, "सर, तुम्ही आता ऑफिसात लागलात का?" मी त्याला नकाशा भरायला लावला.

हे बाळाला कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारात बूट शोधू लागलो, तर बाहेरच्या खोलीत दिवा लागलेला होता आणि बाळ दाढी विंचरून उभा. "तुमच्या तासांना मी बसतो तिथं," तो म्हणाला. "नाहीतरी घरी काय करतो मी?" मी वरवर नको म्हणालो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, नको काय! येऊ दे त्याला." तिचा आवाज जरा ओला होता, म्हणून मी वाद घातला नाही. एरवीही घालत नाही.

बाळ शाळेत येऊ लागला. माऊस हलवता हलवता त्यानं हेडक्लार्कचा प्रिंटर दुरुस्त केला, गणिताच्या मॅडमना त्यांचे हरवलेले फोटो शोधून दिले, आणि मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती गप्पा मारायला माणसं जमू लागली. एकदा तर मी त्याला मोठ्यानं हसताना ऐकलं.

अखेर मंजुरी आली. कॉम्प्युटरची झोप कायमची उडाली. उरलेसुरले गळणारे ठोके भरून काढायला बाळानं आतल्या घड्याळाला इंटरनेटवरून वेळ विचारायला शिकवलं. घंटा अशी चोख वाजू लागली की फाटकाबाहेरच्या आजोबांनी मनगट खाली केलं आणि मला नमस्कार घातला.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण तपासणी आली.

तपासणी अधिकारी येणार म्हटलं की शाळेत भिंतीसुद्धा ताठ उभ्या राहतात. आणि नेमकं आदल्या दिवशी इंटरनेट गेलं. थोड्या वेळानं आलंही. पण मला इंजिनियर काकांचा पूल आठवला.

"बाळ, घड्याळाला आणखी एक आधार दे. इंटरनेट गेलं तर त्यानं बाहेरच्या मालकाला वेळ विचारावी."

"नको, भाऊजी. एकाच घड्याळाला दोघं सांगणारे नकोत. भांडतील."

"भांडायला काय झालं? वेळ ती वेळ. दोघं एकच सांगणार."

"सांगतीलच असं नाही..."

"हे बघ, शाळेत मी आहे का तू आहेस?"

हे मी बोलायला नको होतं. बाळानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी सांगितलं तसं करून दिलं.

दुसऱ्या दिवशी तपासणी अधिकारी आले. बारीक अंगाचे, मितभाषी, खिशाला दोन पेनं. ते बाईंच्या केबिनमध्ये बसले असताना मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं धावत बाहेर आली, हात धुतले, डबे उघडले. पहिला घास तोंडाशी जातो न जातो, तोच पुन्हा घंटा झाली. मुलं शिस्तीची. घास टाकून वर्गाकडे धावली. तेवढ्यात पीटीचे सर ओरडले, "अरे थांबा, ही सुट्टी संपल्याची नाही, सुरू झाल्याची आहे!" कारण दोन्ही घंटांचा सूर वेगळा आहे आणि तो सर बरोबर ओळखतात. अर्धी मुलं परत फिरली, अर्धी वर्गात शिरली, जिन्यात दोन्ही प्रवाहांचा संगम झाला. पहिलीचा एक वर्ग दप्तरं घेऊन थेट फाटकाकडे निघाला.

केबिनच्या खिडकीतून अधिकारी हे सगळं पाहत होते. "दोन सुट्ट्या असतात का इथे?" त्यांनी विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. "सर आणि त्यांच्या मेहुण्यांना बोलवा."

आम्ही गेलो. मागोमाग हेडक्लार्कही आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

खरं सांगतो, मेहुण्याला शाळेत आणल्यापासून या प्रश्नाचं उत्तर मी मनात तयारच ठेवलं होतं. उत्तर दोनच शब्दांचं होतं, आणि त्यातला पहिला शब्द 'माझ्या' असा होता. पण शेजारी बाळ उभा होता. त्यानं तपासणीसाठी म्हणून माझा शर्ट घातला होता, आणि तो त्याला खांद्यात तंग होत होता.

"मी केलं," मी म्हणालो. "हा नको म्हणत होता. मी हट्टानं करायला लावलं."

"भाऊजींना त्यातलं काही कळत नाही," बाळ घाईघाईनं म्हणाला. "चूक माझी आहे. मी बाहेरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ तपासायला हवं होतं. ते पुढे आहे. त्यामुळे इंटरनेट गेलं की ते घंटा लवकर वाजवत होतं, आणि इंटरनेट परत आलं की काटे मागे ओढून पुन्हा वाजवत होतं."

"पुढे कसं असेल?" बाई म्हणाल्या. "नवा कॉम्प्युटर आहे."

मग मागून हेडक्लार्कचा खाकरण्याचा आवाज आला.

"मी ठेवलंय पुढे," ते म्हणाले. "संध्याकाळची बस चुकते हो माझी. घरी आई एकटी असते, तिला अंधार झाला की भीती वाटते. घड्याळ पुढे असलं की मी आपोआप वेळेत उठतो. स्वतःला फसवायचं, दुसरं काय! घंटेचा त्याच्याशी संबंध येईल हे मला काय माहीत?"

केबिनमध्ये गुन्हेगार तीन आणि तिघंही आपापला हक्क सोडायला तयार नाहीत, असा देखावा होता. अधिकाऱ्यांनी एक पेन काढलं, वही उघडली आणि विचारलं, "आत्ता वाजलेत किती, तेवढं कोणी सांगेल का?"

बाईंनी आपलं घड्याळ पाहून सांगितलं. मी माझं पाहून वेगळं सांगितलं. हेडक्लार्कनी सांगितलं आणि मग स्वतःच वजा केलं. अधिकाऱ्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग घड्याळ कानाला लावलं. ते बंद पडलेलं होतं.

आधी बाई हसल्या. मग अधिकारी हसले. इतके हसले की त्यांचं दुसरं पेन खिशातून खाली पडलं.

बाळानं तिथल्या तिथे दुसरा आधार काढून टाकला. "सांगणारा एकच हवा," तो म्हणाला. या विषयातला माझा घरचा अनुभव दांडगा असल्यामुळे मी जोरात मान हलवली. हेडक्लार्कचं घड्याळ बरोबर लावलं गेलं आणि त्यांना बस गाठून देण्याची जबाबदारी माझ्या स्कूटरवर आली. ते मागे बसतात आणि सिग्नलला मला सांगतात, "सर, जरा ठोके गळतायत तुमचे."

जाताना अधिकाऱ्यांनी बाळाला बाजूला घेतलं. त्यांच्या कचेरीतही असेच पोटभाडेकरू होते म्हणे, आणि त्यांच्या तारखा तर कधीच्या मागे पडल्या होत्या. कोणाला कळत नव्हतं. "सोमवारपासून येता का?"

सोमवारी मी त्याला स्कूटरवरून सोडायला गेलो. शाळेच्या अगदी उलट दिशेला आहे ती कचेरी. फाटकाशी तो उतरला, पण आत जाईना. दाढीतून हात फिरवत उभा राहिला. आतून कोणाच्या तरी मोठ्यानं हसण्याचा आवाज येत होता.

"भाऊजी, तुम्ही जा. तुम्हाला उशीर होईल."

"जातो," मी म्हणालो, आणि स्कूटर स्टँडवर लावली.

आम्ही दोघं फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसलो. मी त्याला नद्यांबद्दल सांगितलं. उगम, डोंगर, मैदान, सगळं. उपनद्यांसकट. तो नेहमीसारखा गरीबपणे ऐकत होता. समुद्र आला तेव्हा तो उठला, शर्ट खोचला आणि म्हणाला, "बरं, जातो." आणि गेला. पायऱ्या चढून वर जाईपर्यंत मी बघत बसलो. वर गेल्यावर त्यानं मागे वळून हात केला. मीही केला, जरा जास्तच वेळ.

शाळेत पोचलो तेव्हा मैदान रिकामं होतं. वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. घंटा वेळेवर झालेली होती, अगदी ठोक्याला ठोका. मी मस्टरवर सही करायला ऑफिसात गेलो. माझ्या सबंध नोकरीत माझ्या नावापुढे कधी तांबडं पेन टेकलेलं नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे, कारण मी ते वरचेवर सांगतो.

हेडक्लार्कनी एकदा कॉम्प्युटरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि तांबड्या पेनाचं टोपण काढलं. मग थांबले.

"गेला का आत?" त्यांनी विचारलं.

"गेला."

"घाबरला होता?"

"थोडासा."

त्यांनी मान डोलावली, माझ्या नावापुढे सावकाश, वळणदार लेटमार्क काढला आणि मस्टर माझ्याकडे फिरवलं. "करा सही. वेळ बघून घ्या हो सर, बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो. "एकदम बरोबर आहे." आणि सही केली.